दरडीतली दारं

“ताई, दार उघडलं,” नाथाजी म्हणाला.

“कसलं दार?” शालननं मान वर न करताच विचारलं. वसुबारस उजाडली होती, गल्लीतल्या बाकीच्या पोरांचे किल्ले सारवूनसुद्धा झाले होते, आणि हिचे हात अजून कोपरापर्यंत चिखलात.

“किल्ल्याचं.”

“किल्ल्याला दार अजून केलंय कुठं आपण?”

“तेच म्हणतोय मी.”

आता मात्र शालननं वर बघितलं. किल्ल्याच्या उतारावर दोघांनी सकाळीच ओढ्याच्या दरडीवरून आणलेली शेवाळाची ढेकळं बसवली होती. मोहरी पेरून उगवायची वाट कोण बघणार, त्यापेक्षा तयार हिरवळ बरी, ही नाथाजीची अक्कल. त्या शेवाळात आठ आण्याच्या नाण्याएवढं एक गोल झाकण वर उचललं गेलं होतं. एका बाजूला बिजागरी असावी तसं. फटीतून दोन काळे, जाडसर पाय बाहेर डोकावले. तेवढ्यात अंगणातून कोंबडी फडफडत गेली आणि झाकण मिटलं. मिटलं ते असं, की होतं कुठं तेसुद्धा सापडेना.

नाथाजीनं लगेच काडी उचलली.

“हात घालू नका तिथं, विंचू असेल,” ओट्यावरून आई म्हणाली. धाकटीला मांडीवर घेऊन ती वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. आईला जगातल्या प्रत्येक भोकात विंचू दिसायचा. दहातल्या नऊ वेळा तिचं चुकायचं. पण उरलेल्या एका वेळेसाठी ती नऊ वेळा ओरडायला तयार असायची.

“विंचू दार लावून घेत नाही, आई,” नाथाजी म्हणाला.

“तू उघडा ठेवतोस म्हणून सगळेच ठेवतात असं नाही.”

एवढ्यात ताकाची चरवी घेऊन हरणा आत आली. हरणा म्हणजे बिराप्पा धनगराची मुलगी, शालनपेक्षा वर्षानं मोठी. दरसाल दिवाळीच्या आगेमागे त्यांची मेंढरं आटपाडीकडून कोकणाच्या वाटेला लागत आणि कराडच्या अलीकडं-पलीकडं मुक्काम करत शालनच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, पडीक रानात आठ-पंधरा दिवस बसत. मेंढरांचं लेंडीखत रानाला, आणि घरचं दाणापाणी धनगरांना, असा जुना शिरस्ता. हरणा आली की शालनची सुट्टी खरी सुरू व्हायची.

हरणानं किल्ल्याकडं बघितलं आणि चरवी खाली ठेवली.

“ही माती कुठली आणलीसा?”

“वरच्या ओढ्याच्या दरडीची.”

“उचल. आत्ताच्या आत्ता जागेवर न्हेऊन ठिवायची.”

“अगं, पण किल्ला...”

“किल्ल्याला हागणदारीकडची माती बी चालंल. उचल, गड्या.”

हरणा रागावल्यावर मुलगा-मुलगी न बघता सगळ्यांना गड्या म्हणायची. तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसायचा.

ओढा गावाच्या वरच्या अंगाला होता, डोंगर संपून शेतं सुरू होतात तिथं. पुराच्या पाण्यानं कापलेली त्याची एक कड दोन पुरुष उंच होती. उन्हाकडं पाठ करून उभी, म्हणून दिवाळीतसुद्धा ओलसर. हरणानं ढेकूळ जिथलं तिथं बसवलं, कडेनं चिखल थापला, आणि समोरच्या खडकावर जाऊन बसली.

“आता गप बसा. लय गप.”

नाथाजीला गप बसवणं म्हणजे वासराला दोरीशिवाय बांधणं. पण ऊन डोंगराआड गेलं तसा तोही गप्प झाला. कारण समोरच्या भिंतीत, जिथं शेवाळाशिवाय काही नव्हतं, तिथं एक झाकण केसभर उचललं. मग त्याच्या खालचं. मग उजवीकडचं एक, शर्टाच्या बटणाएवढं. प्रत्येक फटीत पायांची टोकं ठेवलेली, उंबऱ्यावर हात टेकून कुणी वाट बघत बसावं तशी. एक मुंगळा शेवाळावरून चालत आला. मोठं झाकण उघडलं, काहीतरी काळं झपकन बाहेर आलं आणि आत गेलं. झाकण बंद. मुंगळा नाही.

नाथाजीनं शालनचा दंड धरला तो सोडलाच नाही.

“कोळी हायत,” हरणा हळूच म्हणाली. “पर जाळं टाकत न्हाईत. बीळ खणत्यात, आतनं रेशमागत अस्तर लावत्यात, आणि वर हे दार. बाहेरनं वढलं तर आतनं पाय रोवून धरून ठिवत्यात.” मग तिनं वरच्या कोपऱ्यातलं एक दार दाखवलं. सगळ्यांत मोठं, झाकणात खडीचा एक पांढरा कण बसलेला. “ही दगडाबाई.”

“नाव तू ठेवलंस?”

“मग काय तलाठ्यानं? चार सालं बघतीया मी. तीच जागा, तेच दार. दुष्काळाच्या साली आमची निम्मी मेंढरं गेली, पर ही हितंच हुती. मोप येळा वाटलं, औंदा नसंल. असतीच.” तिनं शालनकडं वळून बघितलं. “कुणाला सांगायचं न्हाई. आमच्या तळावर कळलं तर बाप्ये राकेल वततील. मेंढरू मेलं की ह्यांच्यावरच आळ. आणि गावात कळलं तर तुमची पोरं काड्या घालून घालून मारतील.”

“नाही सांगणार.”

“घरच्यास्नी बी न्हाई.”

शालननं गळ्याची कातडी चिमटीत धरली. “गळ्याची शपथ.”

मग तिन्हीसांजेला रोज तिघं खडकावर बसायची आणि अंधार पडायच्या आत घरी पळायची, कारण आई दारात उभी राहून मोजत असायची. दिवाळीचे फटाके, फराळ, सगळं यापुढं फिकं.

पाडव्याला रघूमामा आला.

रघूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माधवनगरचा. सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. तो आला की शालनचं घर मोठं व्हायचं. बेडकाचं हृदय कसं उडतं, वटवाघूळ उलटं का लटकतं, हे तिला त्यानंच सांगितलेलं. बाकीचे मोठे लोक प्रश्न विचारला की “जा खेळायला” म्हणायचे, मामा म्हणायचा, “बस. चांगला प्रश्न आहे.” यंदा त्यानं तिच्यासाठी पितळी कडीचं भिंग आणलं होतं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ते भिंग घेऊन ती दरडीकडं निघाली आणि मामानं विचारलं, “रोज जाता कुठं तुम्ही?”

“असंच.”

“मामाला नाही सांगणार?”

शालन उंबऱ्यात थांबली. शपथ आठवली. पण शपथ लोकांना नि घरच्यांना सांगायची नाही अशी होती. मामा म्हणजे लोक का? आणि तो या घरचा तरी कुठं? त्याला तर कळेल, आवडेल, तो राकेल थोडंच ओतणार आहे? आणि खरं सांगायचं तर, मामाला माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे, हे तिला दोन दिवस पोटात राहवत नव्हतं.

तिनं सांगितलं.

मामा दरडीसमोर बसला आणि झाकण उघडलं तेव्हा गुडघ्यांवरच पुढं सरकला. शालनला इतका अभिमान वाटला की हरणा आठवलीच नाही. हरणा बापाबरोबर मेंढरं घेऊन दोन दिवसांसाठी डोंगरापलीकडं गेली होती.

“किती आहेत?” मामानं विचारलं.

“पुष्कळ.”

“पुष्कळ म्हणजे शास्त्र नव्हे. मोजायला हवेत. आणि मोजलेला पुन्हा मोजू नये म्हणून खूण हवी.”

दुसऱ्या दिवशी तिघं कामाला लागली. दार शोधायचं शालन आणि नाथाजीनं, आणि त्याच्याजवळ चुन्यात बुडवलेली आगकाडी खोचायची मामानं. मामाला स्वतःला दारं दिसत नसत. “तुमचे डोळे कोवळे आहेत,” तो हसून म्हणायचा. त्रेचाळीस काड्या झाल्या. शेवटची दगडाबाईजवळ.

“हे आपलं तिघांचं गुपित,” मामा म्हणाला. शालनला ते ऐकून जरा कसंतरी झालं. गुपित तिघांचंच होतं, पण ती तिघं वेगळी होती.

शुक्रवारी सकाळी दरडीला अकरा भोकं होती.

जिथं जिथं मोठी दारं होती, नेमकी तिथंच मनगट जाईल एवढी गोल, आखीव भोकं. शेजारी चुन्याची काडी तशीच उभी. वरच्या कोपऱ्यात दगडाबाईची जागा रिकामी. आत हात घातला तर गार, ओली माती आणि रेशमाचा एक फाटका तुकडा.

ती धावत घरी आली. मामा दाढी करत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, वस्तरा पुसला.

“आणखी कुणाला माहीत होतं?”

“हरणाला. पण ती...”

“धनगराची पोरगी ना ती? बघ हं, मी म्हणत नाही. पण त्या लोकांत औषधाला असलं काही काही नेतात. कालच परत आले ते.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नकोस. माणसं ओळखायला वेळ लागतो.”

त्या हातानं शालनला धीर आला. तीच चूक झाली.

तळावर हरणा करडाला बाटलीनं दूध पाजत होती. शालननं दुरूनच विचारलं, “दगडाबाई कुठं आहे?”

“म्हंजी?”

“तूच उकरून नेलीस. तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

हरणा उठली. तडक दरडीकडं चालू लागली. मागं शालन, मागं नाथाजी. दरडीसमोर हरणानं एकेक भोक पाहिलं. मग हात लांबवून तिनं एक चुन्याची काडी उपटली आणि शालनसमोर धरली.

“ह्या काड्या कुणी लावल्या?”

शालनच्या तोंडचं पाणी पळालं.

“मी न्हवते तवा लावल्या. एकेका दाराम्होरं. आंधळ्याला बी घावंल अशा.” हरणाचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “गळा तुझा हुता न्हवं?”

ती निघून गेली. काडी तेवढी शालनच्या पायाशी टाकून.

“ताई,” थोड्या वेळानं नाथाजी म्हणाला. तो भोकाला डोळा लावून बसला होता. “ही खाच माझी आहे.”

“काय बरळतोयस?”

“इकडं बघ. प्रत्येक भोकाच्या भिंतीला उभी रेघ आहे. एकाच जागी. काठ दुमडलेला डबा मातीत दाबला की अशी रेघ उठते. धाकटीच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा मी गाडी करायला घेतला होता, तेव्हा दगडानं ठोकून त्याचा काठ दुमडला. आईनं धपाटा घातला होता बघ.”

“तो डबा आई दोन दिवस शोधतेय.”

“हो. कालपरवा मामा म्हणाला, दाढीच्या पाण्याला घेतो.”

शालन म्हणाली, “दाढीला त्यानं वाटी घेतली होती. मी आत्ता पाहिली.” आणि हे आपणच बोललो याचा तिला राग आला.

कडब्याच्या खोपीत, गोणपाटाखाली, मामाचं खोकं सापडलं. आत दुधाचा डबा, काठ दुमडलेला. डालडाच्या नि औषधाच्या डब्यांतून मातीचे दहा गोल ठोकळे, प्रत्येकावर मिटलेलं दार. झाकणं घट्ट लावलेली, हवेला भोकसुद्धा नाही. आणि एका काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये, पाय जवळ घेऊन पडलेली एक मोठी काळी कोळीण. बरणीवर चिठ्ठी होती. शालन सातवीत होती. इंग्रजीतलं नाव वाचण्यापुरतं इंग्रजी तिला येत होतं. शोधणाऱ्याचं नाव: रघुनाथ मोहिते. गावाचं नाव. तारीख.

खाली मराठीत सही, तिच्या मामाचं ते सुरेख, वळणदार अक्षर. याच अक्षरातली पत्रं ती दप्तरात जपून ठेवायची.

बरणीच्या तळाशी, तुटक्या झाकणात, खडीचा पांढरा कण होता.

“मेलीय?” नाथाजीनं विचारलं.

शालननं होकाराची मान हलवली. रडू आलं नाही. नाथाजी म्हणाला, “आबांना सांगू,” तर ती नको म्हणाली. आधी दहा डब्यांच्या झाकणांना खिळ्यानं भोकं पाडली, मातीवर पाणी शिंपडलं, आणि सगळं होतं तसं झाकून ठेवलं.

दुपारी जेवताना आई कौतुकानं सांगत होती, “परवा रघूच्या विभागाच्या मोठ्या बाई यायच्यात. त्यानं काहीतरी शोधून काढलंय म्हणे. कायम व्हायचं नक्की होईल आता.”

“शालूनंही मदत केली हं,” मामा म्हणाला. “रविवारी बाईंसमोर आणखी वीसएक काढू. एकेका विद्यार्थ्याला एकेक नमुना. काड्या आहेतच.” आणि ताटातला लाडू उचलून त्यानं शालनच्या ताटात ठेवला. लहानपणापासून ठेवायचा तसाच.

तिनं आईकडं बघितलं. आईचा चेहरा असा उजळला होता की शालनच्या ओठांवर आलेलं मागं फिरलं. लाडू तिनं खाल्ला नाही. आईनं ते पाहिलं. कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

संध्याकाळी शालन एकटी तळावर गेली. हरणा मेंढरं कोंडत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

“मी मामाला सांगितलं,” शालन म्हणाली. “काड्यांसाठी दारं मीच दाखवली. उकरलं मामानं. आणि मी तुझं नाव घेतलं.” तिला वाटलं इथं थांबता येईल. थांबली नाही. “दगडाबाई बाटलीत आहे. स्पिरिटमध्ये.”

हरणानं मेंढरांभोवतीच्या जाळीची, वाघरीची, गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली.

“बाकीच्या?”

“दहा खोक्यात. जिवंत असतील. बत्तीस दरडीत आहेत. रविवारी काढणार आहे तो.”

“मग आता? रडत बसायचं?”

“नाही. त्याला दारं दिसत नाहीत. फक्त काड्या दिसतात.”

हरणानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं.

शनिवारी उन्हं कलल्यावर तिघांनी दरडीवरची एकेक काडी उपटली. पन्नास पावलं खाली, जिथं दरड पाण्याला टेकते तिथं खेकड्यांची बिळं होती. हरणा शेवाळाचे तुकडे बिळांच्या तोंडावर नखानं बसवत गेली, शालन शेजारी काड्या खोचत गेली, आणि नाथाजी मागं उभा राहून “अजून जरा डावीकडं, ते खोटं वाटतंय,” असं मुकादमासारखं सांगत गेला. दरडीवरची भोकंही त्यांनी मातीनं नि शेवाळानं लिंपून टाकली. हरणा कामापुरतं बोलत होती. एकदाच, नाथाजीचा पाय घसरून तो पाण्यात बसला तेव्हा, तिला हसू आलं. शालनची नजर लागताच तिनं ते गिळलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मामाच्या विभागाच्या आठल्येबाई आल्या. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. चहा नको म्हणाल्या. आधी दरड म्हणाल्या. आबासुद्धा काठी घेऊन निघाले. आबा म्हणजे सुभेदार आकाराम. पलटण सुटून वीस वर्षं झाली तरी ते अजून चालायचे नाहीत, कूच करायचे. धाकटीला कडेवर घेऊन आईही आली, भावाचं कौतुक बघायला. आणि ओढ्याच्या पलीकडं, काठीवर हनुवटी टेकून, हरणा उभी होती.

काड्या खाली सरकलेल्या पाहून मामा क्षणभर थबकला.

“इथंच ना, शालू?”

“काड्या आहेत तिथंच,” शालन म्हणाली.

मामानं हसून डबा काढला. पहिल्या काडीशेजारी दाबला, फिरवला, ओढला. माती. दुसरीशेजारी. माती. “कधी कधी खोल असतात,” तो म्हणाला आणि तिसऱ्या बिळात दोन बोटं घातली.

मग तो असा ओरडला की धाकटी दचकून रडायला लागली. बोटांना एक पिवळट खेकडा लोंबकळत होता.

“कोळ्याला नांगी कवा फुटली?” आबांनी विचारलं.

आठल्येबाई हसल्या नाहीत. त्या बिळासमोर वाकल्या, चिकटवलेलं शेवाळ बोटानं उचललं, आणि त्यांनी मुलांकडं एक नजर टाकली. नाथाजी आभाळाकडं बघू लागला.

“रघुनाथ, ही वसाहत तुम्ही शोधलीत, असं तुम्ही तारेनं कळवलंत. काड्या राहू द्यात. या दरडीवर मला एक दार दाखवा.”

मामा वरच्या दरडीकडं गेला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बोटानं एक जागा दाखवली. तिथं शेवाळ होतं. दुसरी दाखवली, तिथं कुजलेलं पान. त्याच्या मानेवर घाम आला.

“शालू, दाखव ना बाईंना.”

किती गोड आवाज होता तो. तिला वाटलं, आत्तासुद्धा त्यानं सगळं कबूल केलं तर आपण त्याच्या बाजूनं बोलू. ती वाट बघत राहिली. मामा म्हणाला, “लाजते जरा. मीच शिकवलंय तिला सगळं.”

“मला दिसतात,” शालन म्हणाली. “मी दाखवणार नाही. दाखवायचा हक्क माझा नाही, मामाचाही नाही. चार वर्षांपासून यांना ती ओळखते. तिला विचारा.” तिनं ओढ्यापलीकडं बोट केलं. “मी शपथ मोडून मामाला सांगितलं. मामानं अकरा उकरून नेले, आणि मला म्हणाला, हरणानं नेले.”

“पोरांचं काय ऐकता, बाई...” मामानं सुरुवात केली.

“रघू,” आई म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या हातातल्या डब्यावर होतं, दुमडलेल्या काठावर. “दाढीच्या पाण्याला नेला होतास ना तू हा?”

मामानं डबा पाठीमागं केला. लहान मुलगा करतो तसा. तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळलं.

आठल्येबाई ओढा ओलांडून हरणापाशी गेल्या. बूट भिजले त्याची पर्वा न करता. “बाळ, मी खणणार नाही. एकही नेणार नाही. बघू देशील?”

हरणानं त्यांना न्याहाळलं. बाईंचे बूट बघितले, झोळी बघितली.

“झोळी हितं ठिवा,” ती म्हणाली. “आणि गप बसाया लागंल. लय गप.”

एवढ्या मोठ्या प्राध्यापकबाई निमूटपणे झोळी काढून खडकावर बसल्या. हरणानं एका हातानं दरडीवर सावली धरली, दुसऱ्या हातानं गवताची काडी शेवाळावर मुंगी चालल्यासारखी फिरवली, तसं एक झाकण आतून केसभर उचललं गेलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि हरणा सांगत गेली: कोणती कधीपासून, पिल्लं आईच्या बिळाभोवतीच आपली बटणाएवढी दारं कशी मांडतात, पाऊस उघडल्यावर नर कसे दार सोडून भटकतात. शालन एकेक दार दाखवत गेली. बत्तीस.

“पुस्तकात दोन ओळींपलीकडं नाही हो हे,” बाई आबांना म्हणाल्या. “मी तीस वर्षं शिकवते आहे. यातलं निम्मं मला आज कळलं. मोठी कोळीण एकदा घरातून काढली की ती बहुतेक पुन्हा घर बांधू शकत नाही. म्हणून ठोकळे मातीसकट परत बसवू.” मग नाथाजीनं पळत जाऊन खोपीतून आणलेलं खोकं त्यांनी उघडलं. “झाकणांना भोकं कुणी पाडली?”

“ताईनं,” नाथाजी म्हणाला.

“म्हणून जगलेत.”

दहापैकी आठ जगले होते. ते जिथले तिथं बसवून होईपर्यंत दुपार झाली. बाईंनी वहीत तिघांची नावं लिहून घेतली, हरणाचं पहिलं. आबांनी काठी आपटून जाहीर केलं, “ह्या दरडीची माती हितनं म्होरं कुणी न्यायची न्हाई. किल्ल्याला न्हाई, चुलीला न्हाई. आणि बिराप्पाच्या लेकीनं आमाला आज शिकवलं, पहारा कसा द्यायचा त्ये. शाबास, पोरी. तुमीबी, रं.” आबांची शाबासकी म्हणजे पलटणीतला बिल्ला. नाथाजी छाती काढून घरी गेला.

शालनला तसं चालता आलं नाही.

मामा ओट्यावर पिशवी भरून बसला होता. आईनं त्याच्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली, फराळाची पुडी पिशवीत ठेवली. “पाचची एसटी आहे,” एवढंच म्हणाली.

“अजून तीन दिवस राहणार होतो ना मी, अक्का.”

“हो. होतास.”

जाताना तो शालनपाशी थांबला. “शालू, एका कोळ्यापायी मामावर राग धरणार? अगं, नोकरीचा प्रश्न होता माझ्या.”

“मग तसं सांगायचं होतंस,” शालन म्हणाली. “मी ऐकलं असतं. तू हरणाचं नाव का घेतलंस?”

मामानं पिशवी उचलली. तो गेला. रात्री आईनं दोन्ही मुलांच्या अंगावर पांघरूण दोनदा नीट केलं.

मंगळवारी तळ हलला. घोड्यांवर बिऱ्हाडं चढली, जाळीत करडं बसली, मेंढरांचा लोंढा रस्त्याला लागला. शालन बांधावर उभी होती. काय बोलायचं ते तिनं रात्रभर जुळवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य पुरेसं वाटेना.

“मी चुकले,” ती म्हणाली.

“व्हय,” हरणा म्हणाली. उगीच ‘नाही’ कशाला म्हणायचं? ती मेंढरांमागं चार पावलं गेली आणि थांबली. काठीनं रस्त्यावरचा खडा उडवला.

“आणिक एक दरड हाय. ह्याच्याहून मोठी. घाटाच्या वाटंला.”

कुठं? कोणत्या गावाजवळ? किती दारं आहेत? सगळे प्रश्न एकदम जिभेवर आले. तिनं ते तिथंच दातांखाली धरले.

हरणा वाट बघत होती. शालन काही विचारत नाही, हे तिनं नीट बघून घेतलं.

“पुढल्या साली बघू,” ती म्हणाली, आणि मेंढरांना हाळी देत घाटाकडं चालू लागली.